आवाज गेल्ता कुठं?

निजामाच्या काळात जालन्याच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. असले किस्से गोळा करावे लागत नाहीत, दारात बसलं की आपोआप साचतात. त्यात रझाकारांच्या धामधुमीचे दिवस. ज्याला त्याला संशय, मलासुद्धा!

*

डॉक्टरसाहेबांकडे घसा बघायचा लांब दांडीचा छोटा आरसा होता. त्यावर वाफ धरू नये म्हणून ते तो आधी दिव्यावर गरम करायचे. आमच्याकडे पोटदुखीलाही डाग द्यायची पद्धत. त्यामुळे दिवा पेटला की पेशंट गायब! एक म्हातारबा दारातून ओरडले, "पोटावर डागत्यात ठावं हाय, पर घशात? बिलकुल न्हाई!"

*

दुसरा आरसा साहेबांच्या कपाळावर. त्याचा कवडसा रस्त्यावर पडायचा. एक दिवस पोलीस अमीन, म्हणजे तेव्हाचे फौजदार, हजर. "डॉक्टरसाब, हे इशारे कुणाला करून राह्यलात?"

"बसा, आ करा, दाखवतो."

अमीनसाहेबांनी दिव्याकडे पाहिलं आणि तपास तिथंच मिटवला!

*

मग घनसावंगीकडचा दगडू आला. हा गावात दवंडी द्यायचा. गाडी जुंपताना बैल बिचकला, जूचं टोक गळ्यावर बसलं आणि आवाज गेला. नुसती फुसफुस. सोबत त्याची बायको सखू आणि गावचे पाटील.

पाटील म्हणाले, "सोंग हाय. सरकारी हुकमाची दवंडी द्यायची न्हाई याला. खोटा निघाला तर काम काढून घेतो."

त्यांनी परीक्षाही घेतली होती म्हणे. मागून गार पाण्याची घागर ओतली, ओरडतो का बघायला. दगडू फुसफुसला, "मेलो!"

"बघा, शब्द बराबर फुटतात!" पाटील.

*

दगडू मात्र पळाला नाही. साहेबांनी त्याची जीभ फडक्यात धरली, आरसा आत घातला. "ई म्हण."

आत आवाजाच्या दोन पट्ट्या; एका बाजूची हलली, दुसरी जागची हलेना. "आवाजाच्या पेटीतलं मऊ हाड, कूर्चा म्हणतात, ते सरकलंय. नाहीतर नस मेलीय. हैदराबादला दाखवावं लागेल."

"घशात हाड?" पाटलांनी स्वतःचा गळा चाचपला. "मला तर लागंना!"

साहेबांनी चिठ्ठी दिली. तोवर दगडूनं हलगी वाजवायची आणि सखूनं ओरडायचं, असं ठरलं. गरीब माणसाचं काम वाचलं, मला बरं वाटलं.

*

हैदराबादच्या सर्जननं आत सळई घालून पाहिलं. नस ठीक होती, कूर्चाच सरकली होती. त्यांनी ती जागेवर ढकलली. दगडू जालन्याला गाडीतून उतरला तो माझ्या नावानं हाका मारतच दवाखान्यात आला!

पाटील दवाखान्यातच बसले होते. त्यांनी ऐकलं. "इतके दिवस गेलेला आवाज एका दिवसात येतो? मंग गेल्ता कुठं?"



*

महिन्याभरानं साहेबांबरोबर दगडूच्या गावी गेलो. दगडू हलगी वाजवत होता, सखू ओरडत होती. साहेब घाबरले. तिथंच त्याला बसवून आरसा घातला. दोन्ही पट्ट्या झकास हलत होत्या!

"अरे, मग बोल की!"

दगडूनं पाटलांच्या ओसरीकडे पाहिलं आणि फुसफुसला, "हळू बोला सायेब. पाटलाला आता कुठं खरं वाटाय लागलंय."