वहिनीला दाखवलेला तलाव

मला किळस फार लवकर येते. ओल्या फडक्याने पुसलेलं टेबल, पिंकांनी रंगलेला जिना, बोटं बुडवून आणलेला पाण्याचा गिलास, एवढं पाहिलं तरी मी तिथून काढता पाय घेतो. बायको म्हणते, तुम्हाला कुठेही न्या, तुम्ही घाणच शोधून काढता. यावर आमची भांडणं झाली आहेत. भोपाळला जाऊन आल्यापासून मी भांडत नाही.

आमच्या घरात आईला वहिनी म्हणतात. काका आणि आत्या म्हणायचे, त्यांचं ऐकून आम्हीही म्हणू लागलो. देवासच्या जुन्या मराठी घरांतून असं बरंच आहे. वहिनीचं माहेर धारचं. धारला साडेबारा तलाव आहेत, हे सासरी येऊन पन्नास वर्षं झाली तरी ती ऐकवत असते. पण त्या सगळ्यांचा पलीकडचा काठ दिसतो, ही तिची तक्रार. तिच्या लहानपणी शाळेची सहल भोपाळला गेली आणि नेमका तिला गोवर आला. परत आलेल्या मैत्रिणींनी सांगितलं की तिथल्या मोठ्या तलावाचा पलीकडचा काठ दिसतच नाही. ते पाहायचं तिच्या मनात राहूनच गेलं. भोपाळ इथून तीन तासांवर, पण देवासचा माणूस तिथे फिरायला जातो कुठे? तो फाइल घेऊन जातो, साहेबाच्या दाराबाहेर बसतो आणि वैतागून परत येतो. नोकरीत मी असाच कितीतरी वेळा गेलो. तिला बरोबर न्यावं हे एकदाही सुचलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांचे पडदे खराब होत असल्याचं कळलं. इथल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. नजर हळूहळू जाणार, म्हणाले, फार तर वर्षभर; भोपाळला एकदा दाखवून घ्या. वहिनी दवाखान्यातून घरी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "जायचंच आहे ना, मग आधी मला तलाव दाखव. डॉक्टर नंतर."

"आधी काम," मी म्हणालो. "ते उरकलं की मोकळेपणी फिरू."

आमच्याकडे हेच चालत आलं आहे.

पहाटे निघालो. तिने खास धारकडच्या बाग गावची, गेरूच्या रंगाच्या छाप्याची साडी नेसली होती आणि पिशवीत दुधात भिजवलेल्या दशम्या घेतल्या होत्या, अर्थात माझ्यासाठी. ती स्वतः मात्र आज बाहेरचं खाणार होती.

भोपाळच्या दवाखान्याच्या जिन्यात प्रत्येक कोपऱ्यात पिंका. श्वास रोखून वर गेलो, वहिनीला बाकावर बसवलं आणि गाडी नीट लावायला खाली आलो, तर माझ्या गाडीच्या दारावरच कुणीतरी थुंकून ठेवलेलं. मग काय! पार्किंगवाल्याशी मी असा भांडलो की चार माणसं जमली. परत वर गेलो तेव्हा तपासणी आटोपली होती. मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वहिनी पदराने डोळे टिपत बसली होती. मला वाटलं रडली असेल, म्हणून मी विचारायचं टाळलं.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वहिनीने कठड्यावर हात ठेवला. तो कठडा इतका चिकट होता की मी तिचा हात उचलून बाजूला केला आणि आधी कठडा रुमालाने पुसला.

"पलीकडचा काठ दिसतो का रे?" तिने विचारलं.

"काठाचं सोड, वहिनी. इथे पायाशी बघ, थर्माकोलच्या प्लेटी तरंगतायत. निर्माल्याची थैली आहे. कुणाची तरी एक चप्पल पण आहे."

"आणि पाणी?"

"हिरवं. वास येत नाही का तुला?"

"नावा आहेत का?"

"आहेत ना. बदकाच्या आकाराच्या, रंग उडालेल्या. लोक त्यात बसून चिप्स खातायत आणि पाकिटं तिथेच फेकतायत. छी!"

ती थोडंसं हसली. म्हणाली, जरा वेळ थांबू या. पण शेजारी एकाने अर्धा समोसा कठड्यावरून पाण्यात टाकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा मिनिटांत मी तिला गाडीत आणून बसवलं.

जेवायला तिच्या हट्टाखातर रस्त्यालगतच्या एका हॉटेलात शिरलो. पोऱ्याने ज्या फडक्याने खुर्ची पुसली त्याच फडक्याने टेबल पुसलं. "भिया, टेबल तो ढंग से पोंछो," मी ओरडलो, तर त्याने तेच फडकं उलटं करून पुन्हा फिरवलं. मी दशम्यांची पुरचुंडी सोडली. वहिनीने कचोरी मागवली. प्लेट आली तशी ती बोटांनी वाटी चाचपू लागली, कचोरी वाटीच्या बाहेरच टेकवली, आणि मग वाटीला धक्का लागून सगळी हिरवी चटणी त्या बागच्या साडीवर सांडली.

"नीट खा ना, वहिनी! लोक बघतायत," मी म्हणालो. हेही लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी सर्वांत घाण काही असेल तर ते हेच होतं.

"छान आहे रे कचोरी," ती म्हणाली आणि पदराने मांडी पुसत राहिली.

परतीच्या वाटेवर ती डोळे मिटून बसली होती. सोनकच्छ जवळ आलं, ऊन उतरलं, आणि ती एकदम खिडकीकडे सरकली. "अगंबाई, गहू किती हिरवागार आहे! आणि ती बघ, बगळ्यांची रांग."

"आता बरी दिसायला लागली सगळी गंमत," मी चेष्टेने म्हणालो.

"आता दिसतंय. थेंब उतरले वाटतं."

"कसले थेंब?"

"सकाळी डोळ्यांत घातलेले. दवाखान्यातला तो मुलगा म्हणाला होता, अम्माजी, चार-पाच घंटे धुंधला दिखेगा. तू तेव्हा खाली होतास."

मी गाडी कडेला घेतली. "मग तलावावर?"

"पांढरं पांढरं दिसत होतं नुसतं. म्हणून तर तुला विचारत होते."

"सांगायचं होतंस ना, वहिनी!"

"तू रजा काढून आला होतास. त्यात सकाळपासून चिडलेला."

मला माझीच शिसारी आली. म्हणालो, चल, आत्ता परत फिरू, नाहीतर पुढच्या रविवारी येऊ, आधी तलावच पाहू. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "नको रे. तूच सांगितलंस ना, सगळी घाण आहे. कशाला पुन्हा?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. त्यानंतर मी दोन-तीनदा विषय काढला आणि प्रत्येक वेळी तिने हेच सांगितलं.

आता तिला माणसं आवाजावरूनच कळतात. परवा धारहून तिची मामेबहीण आली होती. "भोपाळचा ताल पाहून आलीस म्हणे?"

"हो तर," वहिनी म्हणाली. "हिरवं पाणी. थर्माकोलच्या प्लेटी तरंगतात आणि एक चप्पल." मग माझ्या दिशेने मान वळवून तिने विचारलं, "तेवढं सांगायचं राहिलंच बघ तुझं. पलीकडचा काठ दिसत होता का रे?"

मी आठवू लागलो. चप्पल आठवली, समोसा आठवला, कठड्याचा चिकटपणा बोटांना जाणवला. त्यापुढे पाणी किती दूर गेलं होतं ते काही केल्या आठवेना.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"हेच म्हणत होत्या त्या मुली," वहिनी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी उठून आत गेलो. मी काठाकडे पाहिलंच नव्हतं.