जाळीचा फिल्टर

निजामाचं राज्य गेलं आणि परंड्यातलं एक जहागीरदार घराणं हैद्राबादला निघून गेलं. जाताना त्यांनी बरंच काही विकलं. त्यात एक विलायती गाडी होती. दोनच सीटांची, बसकी, उघड्या टपाची. ती आमच्या ह्यांनी घेतली. ह्यांची पिठाची गिरणी होती, इंजनाशी रोजचा संबंध, त्यामुळं गाडी आपण सांभाळू अशी त्यांना खात्री होती. माझं लग्न होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली असतील.

गाडीचा एअर फिल्टर मात्र गंजून गेला होता. तो म्हणजे एक जड काळा डबा, आत तेलाची वाटी. इंजन हवा ओढतं तेव्हा धूळ त्या तेलात चिकटून बसते, एवढं मला ह्यांनीच समजावलं होतं. वाटीला भोक पडून तेल गळायचं. तसाच डबा मुंबईहून कंपनीच्या एजंटाकडून मागवायचा तर महिनोन् महिने वाट बघावी लागणार होती. पुण्याच्या एका दुकानदारानं ह्यांना दुसराच फिल्टर दाखवला. चकचकीत, मुठीएवढा, नुसत्या तारेच्या जाळीचा. शर्यतीच्या गाड्यांना हाच लावतात म्हणाला. हे तो खिशात घालूनच घरी आले.

सासरे ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. निजामाच्या अमदानीत ते कचेरीत पेशकार, म्हणजे कागदपत्रं बघणारे कारकून होते, सगळं शिक्षण उर्दूतलं. त्यांनी जाळी हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि तिच्यातून अंगण बघितलं.

"ह्यातून मला तुळस दिसतीय," ते म्हणाले. "मग धूळ का थांबंल?"

"अण्णा, त्या डब्यात इंजनाचा जीव घुसमटतो. ह्यानं मोकळी हवा मिळती. गाडी पळती."

"पळून जायचंय कुठं? आपल्याकडं उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा असतो रस्त्याला. कंपनीनं डबा बसवला तो काय बेअक्कल म्हणून? थांब दोन-चार महिने."

"दोन-चार महिने गाडी झाकून ठेवू?"

अण्णांनी जाळी परत दिली. "तुझी गाडी, तुझी मर्जी," म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

जाळी बसली. गाडीचा आवाजच बदलला. आधी गुरगुरायची, आता गर्जायला लागली. पहिल्याच रविवारी आम्ही दोघं सोनारीला भैरवनाथाला गेलो. वाटेत माणसं शेतातून धावत बांधावर येऊन बघत होती. देवळापाशी उतरले तेव्हा माझे केस पांढरे झाले होते आणि दातांखाली माती कचकचत होती. मी इतकी हसले होते की पुजाऱ्यांनी वळून बघितलं. संसारात मी इतकी खूश फार वेळा झाले नाही.

पुढचा उन्हाळा येईपर्यंत गाडी निळा धूर सोडायला लागली. तेल पिऊ लागली. तापली की लवकर सुरू होईना. हे म्हणायचे, जुनी गाडी आहे, चालायचंच. जाळी रॉकेलमध्ये धुऊन परत बसवायचे.

अण्णांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता. वर्षानुवर्षं पट्टा बांधून त्यांनी तो अंगावर काढला होता. वैशाखातल्या एका दुपारी त्यांच्या पोटात असं दुखायला लागलं की तो अबोल माणूस ओरडायला लागला. उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि ह्यांना बाजूला घेतलं. "आतडं अडकलंय. इथं काही होणार नाही. आत्ताच्या आत्ता बार्शीला न्या, ऑपरेशन लागेल."

दिवसाची एकच बस, तीही निघून गेली होती. आमची गाडी दारात होती. अण्णांना ह्यांच्या शेजारी बसवलं. मागं सामानाची अरुंद जागा होती, तिथं मी अंग चोरून बसले आणि दोन्ही हातांनी अण्णांचे खांदे धरून ठेवले.

निम्म्या वाटेवर एक चढ आहे. तिथं गाडीचा दम गेला. धुराचा लोट आला, दोन आचके बसले आणि ती थांबली. ह्यांनी उतरून हँडल मारलं. हँडल नुसतं गरगर फिरत होतं, आत काही दाबच उरला नव्हता. हे मारत राहिले. शर्ट पाठीला चिकटला, तळहात सोलले. आजूबाजूला एक झाड नव्हतं. मी पदराची सावली अण्णांच्या तोंडावर धरली.

"अण्णा, होईल आत्ता सुरू," हे म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

अण्णांनी डोळे उघडले. "राहू दे," म्हणाले. "हात बघ तुझे." मग पुन्हा उलटी झाली.

बऱ्याच वेळानं कडब्याची एक बैलगाडी आली. गाडीवानानं एक शब्द न विचारता निम्मा कडबा रस्त्यातच उतरवला आणि उरलेल्यावर अण्णांना निजवलं. दर हिसक्याला ते कण्हत होते. बार्शीत पोचलो तेव्हा दुकानांत दिवे लागले होते.

ऑपरेशन झालं. आतडं काळं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा गेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं."

गाडी बैलांनी ओढून घरी आणली. ह्यांनी बार्शीहून मिस्त्री बोलावून इंजन उघडवलं. मिस्त्रीनं आत बोट फिरवून ह्यांच्यापुढं धरलं. तेलात कालवलेली बारीक माती होती.

"जाळीमुळं?" ह्यांनी विचारलं.

"इंजन जुनंच होतं, मालक. पण ही जाळी ह्या रस्त्याची न्हाय."

पहिलं वाक्य ह्यांनी ऐकलंच नाही. मी नंतर कितीदा तरी त्यांना त्याची आठवण करून दिली.

तेराव्याला नणंद जवळच्या वाशीहून, तिच्या सासरहून आली होती. पंगत उठल्यावर सगळ्यांसमोर तिनं ह्यांना विचारलं, "अण्णा नको म्हणाले होते ना तुला?"

"म्हणाले होते."

"मग माझ्या बापाला तुझ्या हौसेनं मारलं."

मी मध्ये पडले, "वन्सं, गाडी नसती तर दुसऱ्या दिवसाच्या बसपर्यंत थांबावंच लागलं असतं." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "गाडी नसती तर तुम्ही दुपारीच बैलगाडी जुंपली असती."

गाडी सुट्या भागांत विकली गेली. गिरणी हे चालवत राहिले, पण त्यांचं बोलणं आटलं. जेवताना मध्येच थांबून ते स्वतःच्या तळहाताकडं बघत बसायचे. नणंद त्यानंतर आमच्या घरी आली नाही. भाऊबीजेला हे आंघोळ करून, नवा सदरा घालून दुपारपर्यंत घरातच थांबायचे. मग सदरा काढून खुंटीला लावायचे आणि गिरणीत जायचे. मी दोनदा वाशीला जाऊन तिचे पाय धरले. तिनं मला जेवू घातलं, ओटी भरली, आणि भावाचा विषय काढू दिला नाही.