ज्या पाण्याखाली कोणी नव्हते

कोल्हारच्या कारभारीनानांच्या देव्हाऱ्यात, काशीच्या पाण्याच्या झाळलेल्या गडूशेजारी, हिरवट काचेची एक बाटली जवळजवळ दोन वर्षे उभी होती. गडू नानांच्या वडिलांनी आणलेला. बाटली नानांनी स्वतः आणलेली, स्वित्झर्लंडमधून. गोजरबाई रोज सकाळी एकच फूल कुस्करून त्याच्या पाकळ्या दोन्हींवर सारख्या वाहत. त्यांच्या भक्तीत भेदभाव नव्हता. बाटलीतले पाणी पवित्र आहे असेही त्यांचे म्हणणे नव्हते. ते मुक्कामाला आलेले आहे, एवढेच त्या म्हणत.

नाना तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. चौदा एकर बागायत, तिच्यात ऊस, आणि अंगात कष्टाळू माणसाचा अबोलपणा. काम असल्यावाचून ते कधी गावाबाहेर गेले नव्हते. काष्टीच्या बाजारात बैलांसाठी, नगरला कोर्टासाठी, संगमनेरला कोणाच्या आजारपणासाठी. बाकी जिल्हा त्यांनी पाहिलेला नव्हता. रोज दिवेलागणीला मळ्यातून परतताना ते पाटाच्या वाहत्या पाण्यात पाय धूत आणि मगच घराचा उंबरा ओलांडत. पावसाळा असो की थंडी, हा नेम चुकलेला मी, गावचा मास्तर, शेजारी राहूनही पाहिला नव्हता.

असा माणूस १९७१ च्या उन्हाळ्यात साखर कारखान्याच्या सभासदांबरोबर बावीस दिवस युरोपात हिंडून आला. दौऱ्याचा घोषित हेतू बीटाची साखर पाहण्याचा होता. प्रत्यक्षात बीट तीन दिवसांत उरकले आणि उरलेले दिवस मंडळींनी तळी, डोंगर आणि गाई पाहिल्या. आपला मुलुख न पाहता परमुलुख पाहायला धावणाऱ्यांविषयी आपल्याकडे एक तयार निदान आहे: पिकते तिथे विकत नाही, आणि परदेशवारीला मान मिळतो. हे निदान खोटे नाही. कारभारीनानांच्या बाबतीत मात्र ते मला अपुरे वाटत आले आहे, आणि तसे वाटण्याचे कारण गोजरबाईंच्या माहेरात आहे.

ते माहेर भंडारदऱ्याच्या धरणात गेले. प्रवरा अडवली गेली तेव्हा गोजरबाई नऊ-दहा वर्षांच्या होत्या. गाव उठले, माणसे पांगली. त्यांच्या वडिलांनी संगमनेरजवळ चुलत्याच्या वळचणीला संसार मांडला आणि तिथूनच मुलगी उजवली. ज्या धरणाने वधूचे घर घेतले त्याच धरणाचे पाणी पाटाने वराच्या शेतात आले होते. ही गोष्ट लग्नात कोणी बोलले नाही. पुढेही घरात ती बोलली गेली नाही. गोजरबाईंची मागणी एवढीच होती, की नानांनी एकदा त्यांना तिकडे न्यावे; जावई म्हणून एकदा तरी त्यांच्या माहेरच्या शिवारात पाय ठेवावा. सत्तर मैलांचे अंतर, अकोल्यापर्यंत थेट एसटी. नाना म्हणत, "जाऊ की. त्याला काय, कवाबी जाता येतंय." या 'कवाबी'ला चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

युरोपातून परतल्यावर गावाने मेजवानी मागितली. काशीहून आलेला मावंदे घालतो हे सर्वांना ठाऊक होते. स्वित्झर्लंडहून आलेल्याने काय घालावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा मावंदेच ठरले. मावंद्याला तीर्थाचे पाणी लागते. नानांनी, सवयीने म्हणा किंवा आणखी कशाने, तिथल्या तळ्याचे पाणी सोड्याच्या बाटलीत भरून, बूच मेणाने बंद करून आणले होते. बाटली चौरंगावर आली, हळदकुंकू झाले, आणि तिथे घोडे अडले.

"आता ही फोडायची आन् वाटायची व्हय?" नानांची भावजय छबूबाई म्हणाली. "मी न्हाई बाई पिनार. त्यात कुनी काय काय धुतलं आसंल."

"वहिनी, तिथली मानसं आंघोळच करत न्हाईत, धुतील काय?" दौऱ्यावर बरोबर गेलेला सहादेव म्हणाला. पंगतीत हशा झाला, आणि बाटली न फोडताच देव्हाऱ्यात गेली.

त्या दिवशी लेकीचा नवरा गहिनीनाथ जेवायला आला होता. गोजरबाईंनी दारातच ऊन पाण्याने त्याचे पाय धुतले आणि पदराने पुसले. सासुरवाडीला आलेल्या जावयाचा तो मान. ते करताना त्यांनी एकदा नानांकडे पाहिले. नाना पत्रावळी मांडत होते.

जेवणे चालू असता सहादेवाने दौऱ्याच्या गमती काढल्या. "बोटीत बसलो हुतो. ही निळी तळी, आरश्यावानी. समदे फोटू काढत्यात, आन् नाना त्या दुभाष्याला धरून बसलेले. म्हनत्यात, त्या बोटवाल्या बाईला इचार, या पान्याखाली कोनतं गाव हाय?"

पुन्हा हशा झाला. गोजरबाई वाढत होत्या. पळी आमटीच्या पातेल्यात ठेवून त्यांनी विचारले,

"मंग? काय म्हनली ती?"

"काय म्हननार! म्हनली, कुनीच न्हाई. बर्फानं कोरल्यालं तळं हाय, लाखो वर्षांचं. तर नाना परत इचारतेत, नक्की? एक बी घर न्हाई? बाईला वाटलं म्हाताऱ्याला उनाचा तरास झाला. आन् मंग काय सांगू, नाना जे हासायला लागले! बावीस दिवसांत तेवढंच हासले. लगोलग बाटली काढली आन् भरली."

पंगत उठल्यावर मी ओसरीच्या कडेला हात धूत होतो तेव्हा गोजरबाईंचा आवाज कानावर आला. आवाज चढलेला नव्हता.

"कुनी नसल्यालं पानी बघाया तुमी समिंदर वलांडून गेले. माह्या घराचं पानी सत्तर मैलावं हाय."

"पान्याला जाऊन काय बघायचं? ते तर पाटानं दारात येतंय."

"ते मी रोज बघते," गोजरबाई म्हणाल्या. "त्यात माझं घर वाहून येत न्हाई."

पुढल्या वर्षी पाऊस फिरकला नाही. पाटाचे आवर्तन लांबत गेले, उसाची पाने दोरीसारखी वळली, आणि १९७३ च्या वैशाखात अकोल्याकडून गोजरबाईंचा चुलतभाऊ निरोप घेऊन आला: धरणाचे पाणी कधी नव्हे इतके उतरले आहे, गावठाणाची जोती उघडी पडली आहेत. नानांची इतक्या वर्षांची सबब पाण्याबरोबरच आटली होती. "औंदा न्हाई तर कवाच न्हाई," एवढेच गोजरबाई म्हणाल्या. अकोल्याच्या पुढचा रस्ता माझ्या माहितीचा, म्हणून मला सोबत घेतले. त्यांच्या पिशवीत भाकरी, कुंकवाचा करंडा आणि ती हिरवट बाटली होती. बाटली कशाला, हे नानांनी विचारले नाही.

धरणाच्या पोटात उतरल्यावर पहिली जाणीव झाली ती शांततेची. तडकलेला गाळ मैलभर पसरला होता. त्यात गुडघाभर उंचीची दगडी जोती रांगेने उभी होती, आणि रांगांमधले रस्ते अजून रस्त्यांसारखेच दिसत होते. दूरवर राहिलेले पाणी हलत नव्हते. नाना काठावरच थांबले. गुडघ्याचे निमित्त झाले. गोजरबाई मात्र वाट माहीत असल्यासारख्या चालू लागल्या. वळणावर त्या थबकत, जोत्याकडे पाहून नाव उच्चारीत आणि पुढे जात. एका ठिकाणी वाकून त्यांनी दगडातले उखळ हाताने उपसले. त्याच्या काठाचा टवका उडालेला होता. त्या टवक्यात त्यांनी अंगठा बसवला. तो बरोबर बसला.

मग उभे राहून, नव्या नवरीने हाक मारावी तशी संकोचाने त्यांनी हाक दिली, "अहो, या की. जावायानं आसं येशीत थांबू न्हाई."

नाना आले. सावकाश, दोनदा थांबून. पायरीच्या दगडावर गोजरबाईंनी त्यांना उभे केले, चपला काढायला लावल्या, बाटलीचे बूच दाताने ओढले आणि ते दूरदेशीचे पाणी थेंब थेंब पुरवीत त्यांचे पाय धुतले. आधी उजवा, मग डावा. पदराने पुसले. कपाळाला कुंकू लावले. पाणी दगडावरून ओघळून भेगांत गेले आणि लगेच दिसेनासे झाले.

"बसा," त्या म्हणाल्या. "आई रानात गेलीया. यील आता."

त्या हे कोणत्या भावाने बोलल्या याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. चेहऱ्यावर भ्रम नव्हता आणि थट्टाही नव्हती. जावई आला आणि घरात कोणी मोठे नसले, तर मुलीने जे बोलावे ते त्या बोलल्या होत्या.

नाना जोत्यावर बसले. ओले पाय जमिनीला टेकू न देता, किंचित उचलून धरून, ते बराच वेळ तसेच बसून राहिले. समोर धरणाची भिंत होती. भिंतीच्या खालच्या अंगाचे पाणी त्यांनी सारे आयुष्य पाहिले होते. या अंगाने भिंत ते पहिल्यांदाच पाहत होते. एकदा त्यांनी मागे वळून पाहिले, कोणी येत असल्यासारखे. गोजरबाई उखळाशी भाकरी सोडत होत्या. त्या दिवशी मी दोघांत समाधानी कोण आणि घाबरलेले कोण ते स्पष्ट पाहिले.

त्या साली पाऊस झाला. जोती पुन्हा बुडाली, पाट सुटला, उसाने मान धरली. श्रावणात कारखान्याच्या कचेरीत जपानच्या दौऱ्याची यादी लागली, आणि तिच्यात पहिले नाव नानांचे होते. रस्त्यात भेटले तेव्हा मी सहज म्हटले, "नाना, परत लांबचाच मुलुख? आपल्याकडे रतनगड आहे, वेरूळ आहे."

त्यांनी विचार करून उत्तर दिले. प्रश्न त्यांना नवा नसावा.

"मास्तर, हितं कुठंबी गेलं तरी खाली कुनी ना कुनी आसतंच. आपुन बघाया जायचं, आन् त्यानीच आपल्याला वळखायचं. तिकडं आपुन कुनाचंच कुनी न्हाई. कुनी पाय धुत न्हाई. आई यील, बसा, म्हनत न्हाई."

गोजरबाईंनी त्यांची पेटी भरली. रिकामी बाटली धुऊन, धोतराच्या घडीत गुंडाळून त्यांनी स्वतः आत ठेवली. "भरून आना," म्हणाल्या. "पुन्यांदा पानी उतरंल कवातरी."

नाना मळ्यात जातात, पाट वाहतो. दिवेलागणीला ते परततात तेव्हा पायांना घोट्यापर्यंत चिखल असतो आणि तो तसाच उंबऱ्याच्या आत येतो. पाटापाशी ते आता थांबत नाहीत. एक फळी टाकून घेतली आहे. तिच्यावरून, खाली न पाहता, पलीकडे जातात.