पाहुण्यांपुढे ड्रॅगन

आमच्या साडूंइतक्या आनंदानं मरणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिलेला नाही. पटावर हो, पटावर! बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाऊस सांभाळतात आणि रविवार उजाडला की इंदिरानगरच्या घरी ड्रॅगन होतात. त्यांच्या मुलीनं पुण्याहून एक परदेशी खेळ आणला आणि साडू त्याच्या असे नादी लागले की विचारू नका! पटावर अंधारी गुहा. भिडू पाच, पण पाचांचे नियम पाच तऱ्हांचे. सरदारानं ड्रॅगनला मारायचं, भुतावळीनं सरदाराला. झोपलेल्या ड्रॅगननं हळूहळू जागं होऊन बाहेर पडायचं, चोरानं सगळ्यांच्या नाकावर टिच्चून खजिना लांबवायचा. आणि पाचवा भिडू चक्क गुहा! तिनं सगळ्यांच्या डोक्यावर कोसळायचं. माझा गोंधळ पाहून साडू म्हणाले, "सोपं हाय, साडूभाऊ. मार्केटात शेतकऱ्याला भाव चढा पाहिजे, व्यापाऱ्याला उतरता, अन् टेम्पोवाल्याला नुसती निघायची घाई. बाजार एकच, पण ज्याचं त्याचं जिंकणं वेगळं!"

ड्रॅगन झोपेत असेपर्यंत हे स्वतः लोडाला टेकून घोरणार. दारात दूधवाला आला तरी हातानंच सांगणार, झोपलोय. जाग आली की अशी डरकाळी फोडणार की खालच्या मजल्यावरच्या आजी पूर्वी घाबरायच्या, आता नुसतं "उठले वाटतं" म्हणतात. कुणी मारलं तर मारणाऱ्याला कडकडून मिठी. मात्र कुणी मुद्दाम सोडून दिलं, तर त्या दिवशी साडू जेवत नाहीत.

अशा माणसानं मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा उचलल्याबरोबर पट मांडला! मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "जो माझ्याशी भिडत नाय, तो उद्या पोरीसाठी कुणाशी भिडणार? बघूच." तिकडे स्वयंपाकघरात भाची कळवळून सांगत होती, "काका, मला हा मनापासून पसंत आहे. बाबांना आवरा ना!"

आवरतो कसला! डाव सुरू झाला आणि सगळं सौजन्यानंच बुडवलं. मुलाचे वडील भुतावळ घेऊन बसलेले, "आपल्याच पोरावर कसा हल्ला करू?" म्हणत मागे सरकले. गुहा होती मेव्हणीबाईंकडे. "पाहुणे आत असताना छत कसं पाडू? अजून चहा व्हायचाय," त्या म्हणाल्या. एकटी भाची तेवढी बिनबोभाट खजिना उचलत होती. आणि सरदार झालेला मुलगा? ड्रॅगनसमोर तलवार घेऊन उभा आणि म्हणतो, "आधी तुम्ही, काका!"

साडूंचा चेहरा लालबुंद. "अहो, मारा की मला!"

"छे छे, असं कसं?"

साडू माझ्या कानाशी पुटपुटले, "नाय जमायचं हे." भाचीनं ते ऐकलं. तिनं सरळ मुलाकडे पाहिलं. "अहो, पुढच्या खेळीला ड्रॅगन बाहेर पडेल. मग तुम्ही हरलात. चालेल तुम्हाला?"

मुलानं एकवार तिच्याकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या. "काका, माफ करा हं," म्हणाला आणि एका फटक्यात होणाऱ्या सासऱ्याला आडवा केला!

"अरे, अरे!" त्याचे वडील उभेच राहिले. मेव्हणीबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि साडू? टुणकन उठून त्या पोराला मिठी मारून गरगरा फिरवत ओरडले, "जमलं! साखर आणा!"

पाहुणे गेल्यावर साडू सोंगट्या आवरायला बसले. "लय भारी पोरगं. खोट काढायला जागाच ठेवली नाय," ते म्हणाले. आत भाची आईशी खळखळून हसत होती. ते ऐकत त्यांनी ड्रॅगन डब्यात ठेवला. मग हळूच म्हणाले, "साडूभाऊ, खरं सांगा. मी त्याला नाय म्हणायला निमित्तच शोधत होतो का वो?"

"असेल हो," म्हटलं आणि त्यांच्याशेजारी चटईवर बसलो.