कोमट विटा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. धुराड्यातली पाकोळ्यांची पिल्लं पत्रा तापून मेली नाहीत. मी मारली.

शेवगावात तुम्ही आमच्या शाळेच्या बाईंना पाहिलं असेल, तर हात पुढे करून उभ्याच पाहिलं असेल. गच्चीच्या कठड्याशी, उघड्या तळहातावर काळं पाखरू. "आपण उडवायचं नाही. तिनं उठायचं," म्हणायच्या. पाकोळी जमिनीवर पडली की तिला सहसा उठता येत नाही. मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई अशी पडलेली पिल्लं घरी न्यायच्या, किडे भरवायच्या आणि पंख भरले की हातावर घेऊन उभ्या राहायच्या. हात अवघडायचा, पण खाली यायचा नाही.

वेशीची कमान पडली, जुनी घरं गेली, तशा पाकोळ्याही गेल्या. उरल्या त्या माझ्या बेकरीच्या धुराड्यात. विजेची भट्टी आल्यापासून लाकडाची बंदच होती. "पेटवणार नाही म्हणा," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, नाही पेटवणार. अवकाळीचं पाणी घरट्यांवर पडतं म्हणून त्यांनी वर पत्राही बसवून घेतला, बाजूनं ये-जा करायला वाट ठेवून.

शेजारचा रसवंतीवाला चिडवायचा, "शेठ, पाखरास्नी भाडं लावा की!"

"तुझ्या रसावरची चिलटं कोण खातं रे? आधी तू दे भाडं," बाई म्हणायच्या.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे बायका घरचं तूप-साखर-पीठ मळून नानकटाई भाजायला आणतात. त्या दिवशी डबे ठेवून गेल्या आणि वीज गेली. कारागीर गावाला गेलेला. पीठ पाघळायला लागलं. एकदाच, म्हणून मी जुनी भट्टी पेटवली. वर फडफड झाली. मला ऐकू आली. मी लाकूड आत सारलं.

सकाळी बाई आल्या. राख मी काढली होती. त्यांनी धुराड्याच्या तळाचं झाकण उघडलं आणि तिथंच खाली बसल्या. आत पिल्लं पडली होती. मग विटांना हात लावला.

"अजून कोमट आहेत हो. पत्रा तापला. रात्रभर निवला नाही." माझ्याकडे वळल्या. "मीच बसवायला लावला ना?"

मी म्हणालो, "ऊन लई होतं, बाई."

हे माझ्या तोंडून आलं. मला आजही खरं वाटत नाही.

पुढे रसवंतीवाल्यानं एकदा टोपीत पिल्लू आणलं, "बाई, ह्ये बघा, जित्तं हाय." बाईंनी दोन्ही हात मागे घेतले. "माझ्याकडे नको रे. माझ्या हातून मरतात."

बाई आता पुणतांब्याला भावाकडे असतात. गच्चीच्या कठड्याशी कोणी उभं राहत नाही.

बाईंच्या आधी तुम्हाला सांगितलं, हेही चुकलंच. "पत्रा नव्हता, बाई, भट्टी होती," एवढं त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं माझ्यावर अजून आहे.