सीटवरचं प्लास्टिक

नव्या प्लास्टिकचा वास आला की मला भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची, ती गाडी आठवते. आम्ही घुग्घुसला जुनी जीप घेतली, तेव्हा "लोकाईची उतरलेली गाडी काऊन घेतली?" असं चारचौघांत विचारून हे गृहस्थ शोरूममधून कोरी गाडी घेऊन आले आणि सीटवरचं प्लास्टिक काही काढेनात. इथल्या खाणींच्या कोळशाची धूळ नको म्हणून काचा बंद आणि पेट्रोल जळतं म्हणून एसीही बंद. भर मे महिन्यात धानोऱ्याच्या लग्नाला निघालो, मी आणि सासूबाई त्यांच्या मागच्या सीटवर. सासूबाईंचे उघडे हात प्लास्टिकला चिकटत आणि सुटताना चर्र आवाज होई. "बापू, काढ ना हे, आंग भाजून राह्यलं." "काऊन काढू माय? मंग इकताना भाव कोन देईन?" सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि मागून येणाऱ्या आमच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. त्या गाडीत त्या पुन्हा कधी चढल्या नाहीत. पुढं भासऱ्यांनी ती विकायला काढली, तेव्हा घ्यायला आलेल्या फळवाल्यानं अंगणातच सगळं प्लास्टिक सोलून काढलं, मऊ सीटवर ऐसपैस बसला आणि हसला, "भाऊ, अंदर से तो एकदम नई है! पर भाव पुरानी का ही लगेंगा." तो गाडी घेऊन गेला, भासऱ्यांनी प्लास्टिक झटकलं, घडी केली आणि घरात नेलं. परवा त्यांच्याकडं गेले, तर तेच प्लास्टिक नव्या सोफ्यावर अंथरलेलं. "बस ना," म्हणाले. मी उभ्यानंच चहा घेतला.