नुसतं पाहायचं, शेरा मारायचा नाही

माझं ब्लड प्रेशर वाढलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कळायचं राहिलं होतं ते फक्त मला.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि माझ्या कार्डावर लाल पेनाने गोल केला. चाकणच्या आमच्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग बनतात. ते तपासून पास किंवा रिजेक्ट करायचे, हे माझं काम. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मालावर लाल गोल करत आले. स्वतःवर झालेला पाहिला तो पहिलाच!

"पुढच्या महिन्यात तुम्हाला सेक्शनची मुख्य करायचंय," एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "पण कार्डावर 'फिट' लागतं. आठ दिवसांनी पुन्हा तपासू. तोवर आपला माइंडफुलनेसचा कोर्स करा. फुकट आहे."

(फुकट म्हणजे त्या वेळेचा ओव्हरटाइम मिळणार नाही.)

कोर्स कॅन्टीनमध्ये, शिफ्ट सुटल्यावर, टेबलं बाजूला सारून. शिकवायला पिंपळे सौदागरची एक मुलगी यायची. तिचा आवाज इतका मऊ, की दहा मिनिटांत पॅकिंगच्या दोघी घोरायला लागल्या. मला मात्र शंका आली.

"श्वास येतोय, जातोय. नुसतं पाहायचं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही."

"ठरवायचं नाही?"

"नाही ताई. कसलाच शेरा मारायचा नाही."

"मग मला पगार कशाचा देतात?"

ती गोड हसली आणि शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला सांगितलं. मी मन लावून नेलं. टाचा : भेगा आहेत, चालतील. डावा गुडघा : आवाज येतो, दुरुस्तीला पाठवा. कंबर : रिजेक्ट. मानेपर्यंत पोचले तोवर चटईवर पास करण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

इकडे रावेतला, घरी, यजमानांनी जाहीर केलं, "हिला आठ दिवस टेन्शन द्यायचं नाही."

"आमी देतो व्हय टेन्शन?" सासूबाई म्हणाल्या. "तीच घेती."

पण कामाला लागल्या त्याही. घरात कुणी मोठ्याने बोलेना. सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघायच्या आणि बाईच्या तोंडाला पदर गेला की मलाच विचारायच्या, "ही का रडती गं?" चार दिवस कुणी माझ्याशी भांडलं नाही, काही मागितलं नाही, काही सांडलं नाही. आमच्या घरात! मी थकलेली नसते तर तेव्हाच संशय घेतला असता.

पाचव्या दिवशी हॉलमध्ये चटई टाकून कुशीवर पडले. मोबाइलवर त्या मुलीचा मऊ आवाज : "डोळे अर्धवट उघडे. समोर जे आहे ते फक्त पाहा."

समोर दिवाणाची खालची बाजू होती. तिथे दुधाचं पातेलं होतं, तळ डांबरासारखा. नुसतं पाहिलं. श्वास घेतला. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. नुसतं पाहिलं. कागदाच्या फटीतून एक लाल डोळा माझ्याकडे बघत होता!

डोळा माझाच होता. आमच्या गाडीचा साइड मिरर होता तो, वायरसकट उपटलेला.

"अहो!"

यजमान दारात आले, खाली वाकले आणि सगळं समजून म्हणाले, "सुनंदा, तू श्वासाकडे लक्ष दे."

"गाडी कुठे ठोकलीत?"

"मी नाही ठोकली. सोसायटीचं गेट मध्येच बंद झालं."

"पातेलं माझं न्हाई," स्वयंपाकघरातून सासूबाई.

"पातेल्याचं मी अजून विचारलंच नाही, आई."

"मंग नगं विचारू. डॉक्टरनं काय सांगितलंय तुला?"

त्यानंतर मी बोलले. मोबाइलवरचं ध्यान संपलं, आपोआप पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं, तरी मी बोलतच होते. गेट, दूध, गॅस, लग्नानंतरची सगळी वर्षं, काही सोडलं नाही. शेवटी सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. "आत्ता घर घरावानी झालं," त्या म्हणाल्या. मलाही हलकं वाटलं, पण हे कोर्समध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

आठव्या दिवशी पुन्हा डॉक्टरांसमोर. पट्टा आवळला, सुटला.

"अरे वा! एकदम नॉर्मल. काय केलंत?"

"माइंडफुलनेस," मी म्हणाले. (मान खाली घालून.)

"बघा!" एचआरच्या मॅडम खुलल्या. "ताई, तुमचा फोटो नोटीस बोर्डावर लावू!"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. आणि माझी नजर मशीनवरच्या चिठ्ठीवर गेली. आमच्याकडे मोजमापाच्या प्रत्येक यंत्रावर अशी चिठ्ठी असते : यंत्र बरोबर मोजतं का हे कधी तपासलं, पुढे कधी तपासायचं. ही मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती! म्हणजे तेव्हाचा वाढलेला आकडा खोटा असू शकतो. आणि आजचा चांगलाही.

नुसतं पाहायचं. श्वास आला. डॉक्टरांनी 'फि' लिहिलं. श्वास गेला.

"थांबा, डॉक्टर. या मशीनचं कॅलिब्रेशन संपलंय. हा आकडा धरता येणार नाही."

"मॅडम, आकडा तुमच्या बाजूचा आहे!"

"म्हणून मशीन बरोबर होत नाही."

"ताई, सोडा ना," एचआरच्या मॅडम कळवळल्या.

"सोडू? उद्या ब्रेकच्या मालाला असंच 'सोडा ना' म्हणाल!" इथून पुढे मी दहा मिनिटं बोलले. उभी राहून. शेजारच्या प्लांटमधून दुसरं मशीन येईपर्यंत. त्याची चिठ्ठी मी स्वतः तपासली, पट्टाही स्वतःच नीट करून घेतला.

या खेपेला डॉक्टरांनी आकडा पाहिला. मशीन माझ्याकडे वळवलं आणि लाल पेन पुढे केलं. गोल मीच केला. सवयीने चांगला आला.

सेक्शन पुढच्या तपासणीपर्यंत माझ्या ज्युनिअरकडे गेला, मी पुन्हा त्या मऊ आवाजाकडे. बाहेर आले तोच यजमानांचा फोन.

"काय गं, फिट का?"

"फिट आहे," मी म्हणाले. "मशीन."